छोट्या गटाचा विकी कोणाच्या भरवशावर?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

स्वयंसेवी गटांच्या कामकाजाविषयी आपल्या पुरवणीत चर्चा चालू आहे. तिच्यात एका वाचकांनी सुचवले आहे की, छोट्या गटाने माहिती साठवण्यासाठी स्वतःचे काही उभारण्याच्या फंदात पडू नये; मेसेजचा ग्रुप आणि एखाद्या मोठ्या कंपनीच्या खात्यावरची सामायिक फाइल एवढ्यावर भागते. त्यांचे भागत असेलही. पण ज्या गटाला दीर्घकाळ टिकायचे आहे त्याचे एवढ्यावर भागत नाही, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्या एका पत्रात विकीच्या, म्हणजे गटातल्या सगळ्यांना लिहिता आणि दुरुस्त करता येईल अशा संकेतस्थळाच्या, बऱ्याच सॉफ्टवेअरांची तुलना होती, कोणात कोणती सोय आहे याची. तेही पत्र मी मन लावून वाचले. त्यात मुख्य प्रश्न राहून गेला असे वाटले: आज ज्याने हे उभारले तो उद्या गटात नसेल, तेव्हा ते कोण चालवणार?

मी निवृत्त ग्रंथपाल आहे. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका गटात मी वाचक म्हणून आले आणि पुढे त्या गटाच्या विकीची देखभाल माझ्याकडे आली. कोणी पुस्तके वाचतात, कोणी ध्वनिमुद्रण तपासतात, कोणी फाइली नीट लावतात. सगळे आपापल्या घरून, आपापल्या वेळेला. अशा गटाचे खरे भांडवल म्हणजे काम करता करता घेतलेले बारीकसारीक निर्णय. तळटीप आली की तिथेच वाचायची की परिच्छेद संपल्यावर? तक्ता आडवा वाचायचा की उभा? कंसातला मजकूर वाचताना ‘कंसात’ असे म्हणायचे का? ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळा, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही, पण बोलीतला एखादा शब्द किंवा परभाषेतले नाव आले की दोन वाचक दोन तऱ्हांनी वाचतात. मग एकाच पुस्तकाच्या पहिल्या भागात एक उच्चार, तिसऱ्या भागात दुसरा. डोळ्यांनी वाचणारा अशा गोष्टीवरून पुढे सरकतो. कानाने वाचणारा अडखळतो, आणि हे नाव मघाचेच की दुसऱ्या कोणाचे, या शंकेत पुढची दोन वाक्ये त्याच्या हातून निसटतात.

हे निर्णय मेसेजच्या ग्रुपात होतात आणि तिथेच वाहून जातात. नव्या वाचकाला ते सापडत नाहीत, म्हणून तो तेच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि जुने लोक थकून कधी वेगळेच उत्तर देतात. सामायिक फाइल त्याहून बरी, पण ती कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यावर असते. तो माणूस गटातून गेला, आजारी पडला, खाते बंद झाले, की फाइल गेली. कंपनीची सेवाच बंद होण्याचाही प्रश्न आहे. विकिस्पेसेस या सेवेवर जगभरच्या असंख्य शिक्षकांनी आपले विकी उभारले होते. ती २०१८ मध्ये टप्प्याटप्प्याने गुंडाळायला सुरुवात झाली. याहू ग्रुप्स ही ईमेलवरच्या चर्चागटांची सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी कायमची बंद झाली. नोटीस दोन्हीकडे दिली गेली होती. पण ती वाचून वेळेत सगळा मजकूर उतरवून घेणारा माणूस ज्या गटात उरला नव्हता, त्याला नोटिशीचा काय उपयोग?

म्हणून स्वतःचा विकी. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी इंटरनेटवर आणला तेव्हा त्यामागची कल्पना साधी होती: वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करता यावे, आणि अजून न लिहिलेल्या पानाकडेही दुवा देऊन ठेवता यावा. पुढे प्रत्येक पानाच्या जुन्या आवृत्त्या जपण्याची पद्धत रुळली. आमच्यासारख्यांना तीच सर्वांत मोलाची. उच्चारसूचीतली एक ओळ कोणी, केव्हा आणि काय म्हणून बदलली हे दिसते. बदल चुकीचा वाटला तर जुनी ओळ परत आणता येते, कोणाशी वाद न घालता.

सॉफ्टवेअर निवडायची वेळ आली की पहिले नाव येते मीडियाविकीचे, कारण विकिपीडिया त्यावर चालतो. मराठी विकिपीडियाही २००३ पासून आहे, त्यामुळे त्याचा चेहरा आपल्याला ओळखीचा आणि मराठी अनुवाद उत्तम. २०२० च्या १.३५ या आवृत्तीपासून छापल्यावर दिसेल तसेच लिहिण्याचे साधनही सोबतच येते. पण ते घडवले आहे लाखो पानांच्या, सर्वांना खुल्या ज्ञानकोशासाठी. ठरावीक पाने ठरावीक लोकांनीच वाचावीत अशी आखणी त्याच्या मुळात नाही. गोपनीय मजकुरासाठी त्यावर विसंबू नका, असे त्याचे कर्तेच सांगतात. मागे सहसा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीसारखा डेटाबेस चालू ठेवावा लागतो. साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि बसवलेली प्रत्येक जोडणी (सॉफ्टवेअरला वरून लावलेली जादा सोय) तिच्याशी जुळते का हे पाहावे लागते. दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्या असतात, त्यांनाही तीन वर्षांची मुदत. ज्या गटात दोन-तीन जाणकार कायम आहेत त्यांनी ते खुशाल घ्यावे.

बुकस्टॅक मला ग्रंथपाल म्हणून मनापासून आवडले. डॅन ब्राऊन नावाच्या ब्रिटिश प्रोग्रामरने २०१५ मध्ये ते सुरू केले. त्यात फडताळ, पुस्तक, प्रकरण आणि पान अशीच रचना आहे. ऑफिसमध्ये दस्तऐवज टाइप करणारा माणूस त्यात पहिल्याच दिवशी लिहू लागतो. ज्यांचा मजकूर नियमावलीसारखा, क्रमाने लावलेला आहे, त्यांना याहून सोपे काही मिळणार नाही. विकी जेएस दिसायला देखणे, आणि सगळा मजकूर गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या भांडारात आपोआप उतरवून ठेवण्याची सोय मोठी. पण त्याला नोड जेएस हे प्रोग्राम चालवणारे साधन सतत चालते ठेवावे लागते, आणि साध्या सामायिक होस्टिंगवर (अनेकांत वाटून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर) बहुधा फक्त पीएचपी ही वेब-प्रोग्रामची भाषा मिळते. आउटलाइनला पोस्टग्रेस आणि रेडिस हे दोन्ही डेटाबेस लागतात, शिवाय त्याचा परवाना पूर्ण मुक्त स्रोताचा नाही, म्हणजे त्याचा कोड कोणालाही कसाही वापरायची पूर्ण मोकळीक नाही. टिडलीविकी म्हणजे अख्खा विकी एकाच एचटीएमएल फाइलमध्ये. एकट्या अभ्यासकाला ते वरदान आहे, पण दोघांनी एकाच वेळी लिहिले की साध्या वापरात एकाचे लिहिणे दुसऱ्याच्या लिहिण्यावर चढते.

आमचा निर्णय तुलनेच्या तक्त्याने झाला नाही. आमच्या गटात ध्वनिमुद्रण तपासणाऱ्या एक ताई स्वतः दृष्टिहीन आहेत. त्या एनव्हीडीए हा मोफत, मुक्त स्रोत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरतात. आम्ही प्रत्येक सॉफ्टवेअरवर उच्चारसूचीचे पान तयार करून त्यांच्या हाती दिले आणि एकच काम सांगितले: अमुक नावाच्या ओळीत अमुक दुरुस्ती करा. मी शेजारी बसून ऐकत होते. वाचताना सगळीकडे ठीक चालले. त्या एच हे अक्षर दाबत आणि मथळ्यावरून मथळ्यावर जात. के दाबत आणि दुव्यावरून दुव्यावर. अडचण सुरू झाली लिहिताना. एका देखण्या विकीत कर्सर तक्त्याच्या चौकटीत शिरला, तो बाहेर कसा काढायचा ते कळेना. कळफलकाची टॅब कळ दाबली की पुढच्या चौकटीत, पुन्हा दाबली की नवीच ओळ तयार. वरच्या पट्टीतली चित्रे त्यांना नुसती ‘बटण, बटण, बटण’ अशी ऐकू येत होती. ताईंनी चिडचीड केली नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “मला साधी चौकट द्या. चिन्हे मी पाठ करीन.”

ती साधी चौकट डोकुविकी या सॉफ्टवेअरात मिळाली. मूळ मजकूर जसाच्या तसा एका लेखन-चौकटीत उघडतो. मथळ्याच्या दोन्ही बाजूंना बरोबरची (=) चिन्हे. सर्वांत मोठ्या मथळ्याला सहा, त्याखालच्याला पाच. ठळक अक्षरांना दोन्ही बाजूंनी दोन-दोन तारे (**). दुव्याला दुहेरी चौकोनी कंस. ताईंनी हे लगेच आत्मसात केले. लांबलचक पानाचा एकच भाग दुरुस्तीसाठी उघडता येतो, त्यामुळे सगळी सूची ऐकत बसावी लागत नाही. एकाने पान उघडले की दुसऱ्यासाठी ते पंधरा मिनिटे कुलपात जाते, म्हणजे एकमेकांचे लिहिणे पुसले जात नाही. डोळस सदस्यांपैकी काहींना ही चिन्हे जुनाट वाटली आणि त्यांची नाराजी मी समजू शकते. पण जो गट दृष्टिहीनांसाठी काम करतो त्याच्या कामाच्या जागेत दृष्टिहीन माणसालाच लिहिता येऊ नये, हे मला कदापि मान्य झाले नसते. आपल्या गटात असे कोणी नसले तरी ही कसोटी लावून पाहावी. सगळ्यांत अडचणीतला सदस्य ज्यात लिहू शकतो त्यात बाकीचे लिहूच शकतात.

इथे एक बारीक गोष्ट सांगते, ती तुलनेच्या तक्त्यांत सापडत नाही. प्रत्येक वेबपानाच्या मुळात त्या पानाची भाषा कोणती याची खूण असते. विकी बसवताना भाषा इंग्रजीच राहू दिली तर मराठी मजकुराच्या पानावरही इंग्रजीची खूण पडते, आणि भाषेप्रमाणे आवाज बदलणारा स्क्रीन रीडर देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजाकडे सोपवतो. विकीची भाषा मराठी केली की खूण बदलते आणि ईस्पीकसारखा मराठी जाणणारा आवाज पुढे येतो. एका सेटिंगचा प्रश्न आहे, पण ते न केल्यास पान ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

डोकुविकी आंद्रेयास गोर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकूर-फाइल. जुन्या आवृत्त्या दाबून शेजारच्या फोल्डरात. चित्रे आणि ध्वनिफाइली तिसऱ्या फोल्डरात. आमचा अख्खा विकी म्हणजे डेटा (मजकूर) आणि कॉन्फ (सेटिंग) ही दोन फोल्डरे. ती दुसऱ्या संगणकावर उतरवली की बॅकअप झाला. उद्या डोकुविकीच बंद पडले, तरी फाइली नोटपॅडमध्ये उघडतील आणि वाचता येतील. पॅनडॉक या मोफत साधनाने त्या दुसऱ्या स्वरूपात नेता येतात. डेटाबेसचा बॅकअप चुकीच्या अक्षरसंचाने परत चढवला की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उभ्या राहतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना साध्या फाइलींची किंमत वेगळी सांगायला नको.

मात्र मराठी गटांनी सुरुवातीलाच एक सेटिंग पाहून घ्यावे. डोकुविकी पानाच्या नावावरूनच फाइलचे नाव करते, आणि मूळ सेटिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह फाइलच्या नावात नऊ रोमन चिन्हांत मांडले जाते. मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजायचे. सर्व्हरवर बहुधा असणाऱ्या लिनक्स प्रणालीत फाइलच्या नावाची मर्यादा सहसा २५५ बाइट, म्हणजे २५५ रोमन चिन्हे, असते. म्हणजे जेमतेम सत्तावीस देवनागरी चिन्हे. जुन्या आवृत्तीच्या फाइलला वेळेचा शिक्काही लागतो, तेव्हा त्याहूनही कमी. ‘ध्वनिमुद्रणाच्या सूचना’ एवढे नाव बसते, ‘नव्या वाचकांसाठी ध्वनिमुद्रणाच्या सूचना’ बसत नाही. फाइलनावांसाठी यूटीएफ-८ ही देवनागरी थेट साठवणारी पद्धत निवडली तर चिन्हाला तीनच बाइट लागतात आणि प्रश्न मिटतो. किंवा पानाचा पत्ता लहानसा रोमन लिपीत ठेवून, पहिला मथळाच नाव म्हणून दाखवण्याची सोय चालू करावी. पण हे पाने लिहायच्या आधी ठरवायला हवे. नंतर सेटिंग बदलले तर आधीची पाने सापडेनाशी होतात आणि एकेक फाइलचे नाव बदलत बसावे लागते.

शोधाच्या बाबतीत मात्र मला कोणतेच सॉफ्टवेअर समाधानकारक वाटलेले नाही. मराठी शब्द विभक्तीत रूप बदलतो. ‘तळटीप’ शोधले तर ‘तळटिपेला’ सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. डोकुविकीत शब्दाच्या शेवटी तारा लावून ‘तळटि’ पुढचे सगळे मागवता येते, पण मग ‘तळटीप’ सुटते, कारण टी दीर्घ. आम्ही यावर ग्रंथालयातलाच जुना उपाय केला: प्रत्येक पानाच्या तळाशी विषयशीर्षके, सगळी मूळ रूपात. उच्चारसूची, तळटीप, तक्ता, कविता, संवाद. हाताने लिहावी लागतात, पण सापडतात.

सुरक्षिततेचेही पाहावे लागते. मजकूर फाइलींत असल्यामुळे डेटा आणि कॉन्फ ही फोल्डरे बाहेरून उघडता कामा नयेत. अपाची या सर्व्हरसाठी बंदोबस्ताच्या फाइली सोबतच येतात. एनजिनेक्स हा दुसरा सर्व्हर त्यांच्याकडे पाहतही नाही, तिथे तो बंदोबस्त स्वतः लिहावा लागतो. विकी बसवल्यावर डेटा फोल्डरातल्या एखाद्या पानाच्या फाइलचा थेट पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहावा. नकार आलाच पाहिजे. कोणीही स्वतःची नोंदणी करू शकेल अशी सोय छोट्या गटाने बंद ठेवावी, नाहीतर थोड्याच दिवसांत जाहिरातींची पाने उगवतात. आणि सदस्यांचे फोन नंबर, पत्ते, आजारपणाच्या नोंदी विकीवर लिहूच नयेत. पान पुसले तरी त्याची जुनी आवृत्ती मागे राहते. विकीचा जो गुण मी वर सांगितला, त्याचीच ही दुसरी बाजू.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येते. विकी कोणत्याही सॉफ्टवेअरवर असो, डोमेनची, म्हणजे त्याच्या वेब-पत्त्याची, नोंदणी कोणाच्या नावावर आहे? नूतनीकरणाचा ईमेल कोणाच्या पेटीत जातो? सर्व्हरचा पासवर्ड किती जणांकडे आहे? अनेक गटांत या सगळ्याचे उत्तर एकच नाव असते, आणि तो माणूस बहुधा उत्साही, तरुण, नोकरीच्या पहिल्या वर्षांतला असतो. तो पुढे जाणारच, जायलाच हवा. म्हणून आमच्याकडे डोमेनचा ईमेल गटाचा आहे, कोणा व्यक्तीचा नाही. प्रशासकाचे अधिकार दोघांकडे आहेत आणि त्यातला एक तंत्रज्ञ नसलाच पाहिजे असा आमचा नियम आहे. बसवलेल्या जोडण्या अगदी मोजक्या, कारण प्रत्येक जोडणीचा कर्ता वेगळा असतो आणि त्याने लक्ष काढून घेतले की अद्ययावत करताना तीच आडवी येते. विकीवरच एक पान आहे: विकी नव्याने कसा उभारावा. त्याची छापील प्रतही ठेवली आहे, कारण विकी बंद पडला तर ते पान विकीवरून वाचणार कसे?

ठरावीक काळाने आम्ही एक उजळणी करतो. यापूर्वी हे काम न केलेल्या एका सदस्याला बॅकअपची फोल्डरे आणि ती छापील प्रत द्यायची, आणि त्याने आपल्या लॅपटॉपवर विकी उभा करून दाखवायचा. पीएचपी बसवून डोकुविकी उतरवले की पीएचपीतलाच छोटा सर्व्हर चालू करता येतो, वेगळा सर्व्हर लागत नाही. तो जिथे अडतो तिथे त्या पानावर एक ओळ वाढवायची. परवा हे काम एका सत्तरीच्या सदस्याने केले. उच्चारसूचीचे पान त्यांच्या पडद्यावर जुन्या आवृत्त्यांसह उघडले तेव्हा मला जो दिलासा वाटला तो कोणत्याही सोयींच्या यादीने दिला नव्हता. डेटाबेसवर चालणाऱ्या विकीतही ही उजळणी करता येते, जरूर करावी. तिथे पायऱ्या थोड्या जास्त. पण आपल्या गटातल्या साध्या सदस्याला त्या पायऱ्या झेपत नसतील, तर ते सॉफ्टवेअर कितीही गुणी असले तरी त्या गटासाठी नव्हे.

शेवटी आपल्या वाचकांना एक विनंती. डोकुविकीचा मराठी अनुवाद अपुरा आहे. मराठी सेटिंग केल्यावरही मध्येमध्ये इंग्रजी वाक्ये येतात, आणि आमच्या ताईंचा मराठी आवाज तिथे ठेचकाळतो. हा अनुवाद डोकुविकीच्या अनुवाद-संकेतस्थळावर कोणालाही पुरा करता येतो. मीडियाविकीसाठी ट्रान्सलेटविकी हे स्थळ आहे. त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही, नेमके आणि साधे मराठी यावे लागते. भाषेचे शिक्षक, मुद्रितशोधक, अनुवादक यांनी यातले थोडे थोडे काम अंगावर घेतले तर मराठीत काम करणाऱ्या सगळ्याच गटांची सोय होईल. ज्यांना यात रस आहे त्यांनी याच सदरात लिहावे, म्हणजे कोण कोणता भाग करतो आहे ते एकमेकांना कळेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल